मृत भाषा कोणती, आणि कोणासाठी?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा लेखी तर्जुमा. – संपादक)



या वर्गासाठी मला ‘ग्रामीण पतपुरवठ्याचा प्रश्न’ असा विषय नेमून दिला होता आणि त्याची टिपणेही मी करून आणली आहेत. ती आज पिशवीतच राहणार. सकाळी चहाच्या वेळी इंदापूरकडच्या एका तरुण कार्यकर्त्याने मला एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, “सर, ग्रीक ही मृत भाषा आहे असे पुस्तकात वाचले. ग्रीस देश तर जागच्या जागी आहे आणि तिथली माणसे ग्रीकच बोलतात. मग मेले ते काय? आणि आपल्या मराठीला दोन हजार वर्षांची म्हणून अभिजात दर्जा मिळाला. ती दोन हजार वर्षांपूर्वीची मराठी जिवंत म्हणायची की मृत?” मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. परंतु या प्रश्नाची वाट अखेरीस सावकाराच्या दुकानावरूनच जाते असे मला वाटते. तेव्हा नेमून दिलेल्या विषयाशी मी अगदीच बेइमानी करतो आहे असे अध्यक्षांनी समजू नये.

प्रथम ग्रीकचे पाहू. आज एक कोटीहून अधिक माणसे ग्रीक बोलतात. प्लेटोची ग्रीक आणि अथेन्सच्या आजच्या भाजीबाजारातली ग्रीक यांच्या दरम्यान असा एकही दिवस दाखवता येणार नाही की, ज्या दिवशी जुनी भाषा वारली आणि दुसऱ्या दिवशी नवी जन्मली. प्रत्येक पिढी आपल्या आईबापांचीच भाषा बोलत होती. बदल इतका सावकाश झाला की, तो होत असताना कोणाच्या ध्यानातही आला नसेल. आणि तरी आज शाळेत मुद्दाम शिकल्याखेरीज ग्रीक मुलाला प्लेटो वाचता येत नाही. लॅटिनचेही तेच. ती इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रुमानियन अशा नावांनी नांदते आहे. तिथे नावे बदलली म्हणून लॅटिन मेली म्हणायचे, आणि ग्रीकचे नाव बदलले नाही म्हणून तिच्यामागे ‘प्राचीन’ हे विशेषण लावून तेवढा भाग मृत ठरवायचा. इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. त्यापुढे नीरेचे नाव उरत नाही. पण नीरेचे पाणी तिथे आटले असे आपल्याकडचा कोणी म्हणणार नाही.

भाषाशास्त्रज्ञ यासाठी एक साधी कसोटी सांगतात. घरातले मूल पहिली भाषा म्हणून ती भाषा शिकते की नाही? शिकत असेल तर जिवंत, नसेल तर मृत. मग तिच्यात कितीही ग्रंथ असोत, कितीही पाठशाळा चालोत. या कसोटीवर संस्कृतचे काय होते ते जनगणनेच्या आकड्यांत पाहण्यासारखे आहे. संस्कृत ही आपली मातृभाषा असे सांगणारे लोक १९७१ साली २,२१२ होते. १९९१ साली ते ४९,७३६ झाले. २००१ साली १४,१३५ उरले आणि २०११ साली पुन्हा २४,८२१ झाले. आकडे हाताळण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला हे पाहून हसू येते. वीस वर्षांत एखाद्या भाषेची घरे बावीसपट होत नाहीत, आणि पुढल्या दहा वर्षांत त्यांतली दोन-तृतीयांशांहून अधिक नाहीशीही होत नाहीत. हे चढउतार पाळण्यातल्या मुलांचे नव्हेत, ते अभिमानाचे आहेत. अभिमानाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्याची गणना मातृभाषेच्या रकान्यात होऊ नये.

मरणाचा दुसरा प्रकार याहून वेगळा आहे. २०१० च्या जानेवारीत अंदमानात बोआ सीनियर ही वृद्धा वारली, आणि तिच्याबरोबर ‘बो’ ही भाषा गेली. तिच्यातून कोणतीही दुसरी भाषा निघाली नाही. ती बोलणारी माणसेच रोगराईने आणि वसाहतीच्या रेट्याने संपली होती. नीरा भीमेला मिळणे निराळे आणि विहीर बुजणे निराळे. दोहोंना ‘मृत भाषा’ हा एकच शब्द आपण वापरतो, त्यामुळे सगळा घोटाळा होतो.

आता ग्रीक भाषेचा आपल्या जिल्ह्याशी काही संबंध आहे काय, असे कोणी विचारील. आहे, आणि तो चांगला जुना आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची दाने नोंदलेली आहेत. हे यवन ग्रीक, किंवा ग्रीक वंशाचे, असे अभ्यासक समजतात. पण त्यांचे लेख ग्रीक भाषेत नाहीत. ते ब्राह्मी लिपीत आणि इथल्या प्राकृतात आहेत. म्हणजे परदेशातून आलेल्या व्यापाऱ्याला आपले दान लोकांना कळावे असे वाटले, तेव्हा त्याने लोकांची भाषा धरली. त्याच सुमाराच्या नहपान क्षत्रपाच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे आहेत. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली या राजाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतली बहुतेक गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून पुन्हा चालवलेली होती. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती ग्रीक अक्षरे हळूहळू बिघडत गेली, आणि अखेर त्यांची निव्वळ नक्षी उरली. पाडणाऱ्यालाही त्यांचा अर्थ कळत नव्हता आणि घेणाऱ्यालाही. नाणे मात्र चालत होते. एखादी भाषा एखाद्या मुलखातून गेली म्हणजे काय होते, याचे याहून बोलके चित्र मला ठाऊक नाही.

आणि तरीही ती पुरती गेली नाही. ग्रीकांच्या द्राख्म या नाण्यावरून आपल्याकडे ‘द्रम्म’ आला आणि त्याचा ‘दाम’ झाला. सावकारीतला ‘दामदुप्पट’ हा शब्द तुम्ही-आम्ही उच्चारतो तेव्हा त्यात निम्मी ग्रीक असते. विहिरीचा कातळ फोडायला वडार ‘सुरुंग’ लावतात. तोही मूळचा ग्रीक, असे व्युत्पत्तिकार सांगतात. गावोगाव दूध संकलन ‘केंद्र’ आहे, केंद्र ग्रीक. अरबांच्या मार्फत आलेले ‘कलम’ही मुळात ग्रीकच. बाजारात, विहिरीवर, दुधाच्या काट्यापाशी जे शब्द पोचले ते तगले. राजाच्या नाण्यावरची अक्षरे तगली नाहीत.

खुद्द ग्रीसमध्ये या प्रश्नाने रक्त सांडले आहे. एकोणिसाव्या शतकात तो देश तुर्कांपासून स्वतंत्र झाला तेव्हा विद्वानांना लोकांची चालू भाषा भ्रष्ट वाटली. त्यांनी प्राचीन वळणाची एक शुद्ध भाषा सिद्ध केली. तिचे नावच ‘काथारेवूसा’, म्हणजे शुद्ध केलेली. सरकार, न्यायालय, विद्यापीठ यांची भाषा ती. घरची भाषा ‘दिमोतिकी’, म्हणजे लोकांची. १९०१ साली एका वृत्तपत्राने शुभवर्तमानाचे लोकभाषेतले भाषांतर छापायला घेतले, तेव्हा विद्यापीठातले विद्यार्थी अथेन्सच्या रस्त्यावर उतरले, दंगल झाली आणि आठ माणसे मेली. ध्यानात घ्या, दंगल भाषांतराच्या विरुद्ध होती. पुढे १९६७ साली लष्करशहांनी सत्ता घेतली, आणि त्यांनीही शाळांतून लोकभाषेला मागे रेटून शुद्ध भाषेला वर चढवले. लष्करशाही १९७४ साली कोसळली आणि १९७६ साली लोकभाषा शिक्षणाची व कारभाराची भाषा झाली. ज्यांना प्राचीन ग्रीकचा सर्वाधिक अभिमान होता, त्यांनीच तिला जिवंत माणसांपासून सर्वांत दूर नेले. आपली भाषा मृत ठरवण्याचे काम परक्यांनीच केले असे नाही.

आता घरी येऊ. इथे एक गोष्ट मला फार दिवस खटकत आली आहे. आपण बारामतीत बसलो आहोत, म्हणजे मोरोपंतांच्या गावी. पन्हाळ्याला १७२९ साली जन्मलेला हा कवी इथे बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहिला आणि १७९४ साली इथेच वारला. रामायणे शंभराहून अधिक. त्यांत ओष्ठ्य अक्षर एकही येऊ न देता रचलेले एक. या प्रभुत्वाला नमस्कार केलाच पाहिजे. पण बारामतीच्या महाविद्यालयातल्या मुलासमोर त्यांची एखादी आर्या ठेवा. अर्थकोश घेतल्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. मोरोपंतांच्या जन्मापूर्वी ऐंशी वर्षे ज्यांचे निर्याण झाले त्या तुकोबांची पालखी मात्र दर आषाढीला याच रस्त्याने जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. बेलवाडीला रिंगण होते. त्या दिंड्यांत चालणाऱ्या बायांपैकी कितीतरी जणींनी शाळेचे तोंड पाहिलेले नसते आणि अभंग त्यांना शंभरांनी पाठ असतात. काही शब्द त्यांनाही लागत नाहीत, हे खरे. पण न लागणारा शब्दही त्यांच्या तोंडात घरचा असतो. मग जुनी भाषा कोणती? कालगणनेने पाहिले तर तुकोबांची. दूरची कोणती? पंतांची. पंतांवर अन्याय नको म्हणून सांगतो, कीर्तनकारांनी त्यांच्या आर्या एके काळी गावोगाव नेल्या होत्या. ते कीर्तन ऐकणारा समाज पांगला तशा आर्या पुस्तकात परत गेल्या. वारी पांगली नाही.

यावरून मी असा निष्कर्ष काढतो की, भाषा वयाने मरत नाही. तिच्याभोवतीचे रिंगण आवळत गेले, ती थोड्यांच्या मालकीची झाली, म्हणजे ती इतरांपुरती मरते. महाराष्ट्री प्राकृताचे तेच झाले. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत शेतकरी, गुराखी, नांदती सून हीच माणसे आहेत. पण वररुचीने प्राकृताचे व्याकरण रचले, नाटककारांनी स्त्रियांची गाणी महाराष्ट्रीतच असावीत असा संकेत केला, आणि पुढे ती संस्कृतइतकीच शिकून लिहायची भाषा झाली. तोवर शेतावरची बोली पुष्कळ पुढे निघून गेली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तो या महाराष्ट्रीच्या वारशाचा आधार धरून. आणि गंमत अशी की, त्याच बैठकीत पाली, असमिया, बंगाली यांच्याबरोबर प्राकृतालाही तो दर्जा मिळाला. आई आणि मुलगी यांचा सत्कार एकाच मांडवात झाला. त्यांतली कोण मृत आणि कोण जिवंत हे विचारण्याचे सरकारला कारण पडले नाही. माझ्या तरुण मित्राला मी एवढेच सांगेन की, नीरा-भीमेच्या अर्थाने ती जुनी मराठी जिवंत आहे, आणि गाथासप्तशतीची पोथी तुझ्यापुढे उघडली तर ती तुझ्यापुरती मेलेली आहे. दोन्ही उत्तरे खरी आहेत.

आता सावकार. अर्थशास्त्राच्या इतिहासात इंदापूरचे नाव जगभर ठाऊक आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? पेशवाई बुडाल्यावर प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची पाहणी केली. इंग्लंडात तो अर्थशास्त्र शिकला होता. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याने आपल्या माळरानावर लावून पाहिला. शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा. सिद्धांत उत्तम होता, आकडे खोटे निघाले आणि शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. तेव्हा १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच नवी मोजणी सुरू केली. जमिनीचा रंग आणि खोली पाहून सोळा आण्यांपासून उतरती प्रतवारी, आणि सारा तीस वर्षांसाठी कायम. पुढे मुंबई इलाख्यात रयतवारीची जी पद्धत पसरली तिचे मूळ इथले. तीस वर्षांनी फेरमोजणी झाली ती अमेरिकेतल्या यादवी युद्धाने चढलेल्या कापसाच्या भावाच्या काळात. सारा वाढला आणि पाठोपाठ भाव कोसळले. शेतकरी सावकाराकडे गेला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जे झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे.

दख्खनच्या या दंग्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज त्यातली एकच गोष्ट हवी आहे. सुप्यात दुकाने लुटली गेली, वह्या पळवल्या गेल्या. पुढे दंगा पसरला तसा सरकारी चौकशीला असे आढळले की, दंगेखोरांचा मुख्य हेतू कर्जरोखे मिळवून जाळण्याचा होता. सावकाराने रोखे दिले तिथे माणसाला सहसा धक्का लागला नाही. आता हे रोखे कोणत्या भाषेत होते? मराठीत. शेतकऱ्याच्या घरच्या भाषेत. पण ते मोडीत लिहिलेले, दस्ताच्या ठराविक फारशी वळणाचे. खाली ऋणकोच्या नांगराची निशाणी, आणि वरचे त्याला एक अक्षर वाचता येत नव्हते. स्वतःच्या आईच्या भाषेतला कागद, आणि तो ग्रीक नाण्यावरच्या अक्षरांसारखा! फरक एवढाच की, ती अक्षरे न कळल्याने कोणाची जमीन जात नव्हती.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने व्यवहार कोर्टात मुळापासून तपासण्याची सोय केली, आणि खेड्यातल्या निबंधकासमोर दस्त शेतकऱ्याला समजावून सांगितला पाहिजे असे ठरवले. पतपुरवठ्याच्या सुधारणेत सरकारला भाषेचा मामला घालावा लागला तो असा. माझी पिशवीतली टिपणे इथपर्यंत येऊन पोचतात.

यापुढचे घरचे आहे, थोडक्यात सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि पुढे राज्यभर जुने कागद उकलले जाऊ लागले. आरक्षणाच्या प्रश्नावर मी आज बोलत नाही. पण त्या निमित्ताने मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे तो भाव आला. घरोघरच्या पेट्या माळ्यावरून खाली आल्या, तशी आमचीही आली. आमच्या घराण्यात अशी समजूत होती की, पणजोबांनी ओढ्याकाठची साडेसात एकर जमीन तमाशाच्या नादापायी विकून खाल्ली. ही बेअब्रू तीन पिढ्यांनी वाहिली. माझ्या वडिलांना शाळेत मोडी होती, त्यांना ती वाचताही येत असे. पण पेटी चुलत्यांकडे होती, आणि बेअब्रूचे कागद कोण मुद्दाम उकलतो? वडील गेले. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक, शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर पस्तीस वर्षे व्याख्याने दिली आणि माझ्या घरचा कर्जाचा कागद मला वाचता येत नव्हता. पानाला पैसे मोजून तो वाचून घेतला. शके १८१८ चा, म्हणजे १८९६ च्या दुष्काळातला. खरेदीखत नव्हेच, मुदतखरेदी. दाण्यासाठी आणि एका बैलासाठी घेतलेले दोनशे रुपये, पाच वर्षांत परत केले तर जमीन परत, नाहीतर तीच कायम खरेदी. तमाशाचे नाव नाही. कोर्टात मुळापासून हिशेब मागण्याची वाट तेव्हा उघडी होती. पण आपण निशाणी कशावर केली हे ज्याला ठाऊक नाही तो काय मागणार?

माझी आत्या तेव्हा नव्वदीच्या पुढे होती. तिला मी तो कागद वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हंजी आजा उधळ्या नव्हता म्हणायचा.”

मोडी गेली याचे मला दुःख करायचे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळांतून वगळली ते, माझ्या मते, बरोबरच झाले. छापायला अवघड, वाचायला त्याहून अवघड. बालबोधामुळे शिकणाऱ्याचे श्रम निम्मे झाले आणि तुमच्या-माझ्यासारख्यांची घरे शाळेत आली. पण जुन्या कागदांतले हक्क पुढच्या पिढीला कोण वाचून देणार, याची तजवीज त्या वेळी कोणी केली नाही. दार रुंद केले आणि जुन्या खोलीची किल्ली हरवली.

इथवर आपण सोसलेल्याचे सांगितले. आता आपण काय करतो ते पाहा. ऊस सुरू झाला की भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या हद्दीत टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांवर संध्याकाळी कान द्या. गोरमाटी ऐकू येईल. याच दोन तालुक्यांत वडार आहेत, त्यांची बोली तेलुगूच्या कुळातली. कैकाडी आहेत, त्यांची तमिळशी नाते सांगणारी. पारधी आहेत, त्यांची गुजरातीच्या जवळची. १९७१ पासून दहा हजारांहून कमी माणसांची भाषा जनगणनेच्या तक्त्यांत स्वतंत्रपणे दाखवत नाहीत. संस्कृतचे २,२१२ दिसतात, कारण ती परिशिष्टात आहे. इतरांना मात्र जिवंतपणीच बेरजेच्या रकान्यात पुरले जाते.

माझ्या वर्गात एक पारधी विद्यार्थी होता. मी त्याला एकदा त्याच्या भाषेतले काही शब्द विचारले. तो गप्प राहिला. पुष्कळ दिवसांनी त्याने सांगितले की, लहानपणी आई एस.टी. स्टँडवर पोचण्याआधी मुलांना बजावीत असे, “इथं आपलं बोलायचं नाही.” आपले बोलणे कानावर पडले की लोक पिशव्या सावरतात आणि पोलीस जवळ येतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच १९५२ साली संपला असे आपण म्हणतो, दरवर्षी ३१ ऑगस्टला विमुक्त दिनही पाळतो. त्या आईच्या मनात तो कायदा चालू होता. विद्यार्थ्याची मुले आज मराठी आणि इंग्रजी बोलतात. घरची भाषा त्यांना येत नाही. इथे आवाज न होता विहीर बुजली, आणि ज्यांच्या नजरेने ती बुजली ते आपण मराठी बोलणारे आहोत. अभिजात दर्जाचे पेढे वाटताना मला त्या स्टँडची आठवण होते.

आणि आपला पक्ष? आपण काढतो ती पत्रके एकदा डोळ्यांखालून घाला. ‘उत्पादनसंबंधांतील अंतर्विरोधांचे तीव्रीकरण’ असे आपण लिहितो. ही आपली काथारेवूसा. ते लिहिण्यात माझाही हात आहे, हे इथे बसलेल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहू नये. कोपीवरच्या बाईला हे पत्रक आणि सुप्याच्या शेतकऱ्याला तो रोखा, यांत भाषेपुरता फरक किती आहे, याचा विचार आपण पुढच्या पत्रकाच्या आधी करावा.

तिकडे नवे रोखे केव्हाच आले आहेत. महाराष्ट्राचा राजभाषा कायदा १९६४ सालचा. पण बचत गटातल्या बायांना लहान कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे करारनामे, वाहनकर्जाचे कागद, पीकविम्याच्या अटी उघडून पाहा. बारीक टाइपातली इंग्रजी, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीची फुली. नांगराच्या निशाणीऐवजी आता मोबाइलवर आलेला आकडा सांगायचा. इंग्रजी ही जगातली सर्वांत जिवंत भाषा म्हणतात. निमगावातल्या त्या बाईपुरती ती कोणत्या वर्गात घालायची, हे तरुण मित्राने मला सांगावे.

माझ्याकडून जे होण्यासारखे आहे ते सांगतो आणि बसतो. आत्याला तो कागद वाचून दाखवल्यावर मी मोडी शिकायला बसलो. साठीनंतर अक्षर लवकर वळत नाही. पण खरेदीखत, गहाणखत, मुदतखरेदी आता लागते. महिन्यातले दोन रविवार मी इथे बसेन. ज्यांच्या घरी पेट्या आहेत त्यांनी कागद आणावेत, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या दोघा-तिघांनी शेजारी बसून शिकून घ्यावे. ज्या बायांनी कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या आहेत त्यांनी तेही आणावेत. ते इंग्रजीत असले तरी ते वाचून, त्यांच्या बोलीत सांगण्याचे काम इथल्या शिकलेल्या पोरांनी करावे. कागद आणताना मात्र मूळ प्रत आणू नका, छायाप्रत आणा. जुने मोडी कागद फार वेळा उलगडू नयेत. ते घडीवर पापडासारखे मोडतात.